आईचे अकरा फोटो

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे ‘घडीवाली’ म्हणत. बारा वर्षं ती एकाच यंत्रावर होती. सपाट पुठ्ठा एका बाजूनं सरकवायचा, तो दुसऱ्या बाजूनं घड्यांच्या रेघा पाडून घेऊन बाहेर येतो, मग हातात धरून जरा दाबला की त्याचा खोका होतो. बुटांचे खोके, औषधांचे खोके, केकचे खोके. रेघ केसभर सरकली तरी झाकण बसत नाही. त्यामुळे ती फार काटेकोर झाली होती. घरी टॉवेलची घडी घालतानासुद्धा चारी कोपरे जुळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

लग्न तिचं उशिरा झालं, छत्तिसाव्या वर्षी. आता कुठलं व्हायला, असं सगळ्यांनी धरून चालल्यावर झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची पहिली बायको आठ दिवसांच्या आजारात गेली होती आणि घरात दोन मुलं होती. मोठा आता तेरा वर्षांचा. बहीण त्याला दादा म्हणे म्हणून सगळेच दादा म्हणत. धाकटी चिमी, सहा वर्षांची. चिमी पहिल्या महिन्यातच तिला ‘आई’ म्हणायला लागली. दादा काहीच म्हणत नसे. त्यानं बोलण्याची अशी काही रीत बसवली होती की हाक मारायची वेळच येऊ नये. “भूक लागलीय,” असं तो भिंतीला सांगे. “उद्या घरच्यांची सही लागते,” हे फ्रिजला. उद्धट नव्हता. ताट स्वतः घासून ठेवी, तिनं विणलेला स्वेटर घालीसुद्धा. पण दोन वर्षं झाली तरी तिच्या नावाची जागा त्यानं कोरीच ठेवली होती.

जुलैच्या शेवटी एकदा ती चिमीला शाळेतून आणत होती. बसथांब्यावर टूथपेस्टची मोठी जाहिरात होती आणि त्यात एक बाई सगळे दात दाखवून हसत होती. चिमीनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

“आई, माझी पहिली आई अशी होती?”

ती गडबडली. तिनं त्या बाईला कधी पाहिलेलंच नव्हतं. घरात तिचा एकच फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला. ओळखपत्रावर माणूस जसा दिसतो तशीच ती त्यात दिसत होती, म्हणजे कुणासारखीच नाही.

“दादाला विचारू या,” ती म्हणाली.

दादा बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. चिमीनं विचारलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही. “अशी म्हणजे कशी? अशी नव्हती.” मग जरा वेळानं, नाडीची गाठ उकलता उकलता, तो पुटपुटला, “आवाज आठवतो. तोंड नीट येत नाही आता.” आणि उठून न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

त्या आठवड्यात तिनं नवऱ्याला विचारलं. तो मुळात कमी बोलणारा, आणि या विषयावर तर त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे अडकलेल्या लिफ्टमधून माणूस काढण्यासारखं. फोटो त्याच्या फोनमध्ये होते, तो फोन लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि वरून लिफ्ट आली.

“आणि अल्बम?”

“अल्बम तिच्या आईनं नेले.”

“कधी?”

“ती गेली तेव्हाच.” एवढं बोलून त्यानं पान्याची पिशवी उचलली. त्याच्या दुसऱ्या लग्नापासून त्याचं आणि सासूबाईंचं बोलणं बंद होतं. त्या मुलांच्या वाढदिवसाला फोन करत, एवढाच काय तो धागा उरला होता.

ऑगस्टमध्ये कारखान्यात एक निराळंच काम आलं. एक चपटा, पाटीएवढा खोका, आणि त्याच्या तोंडावर चोवीस छोट्या खिडक्या, एक ते चोवीस आकडे घातलेल्या. मुकादमानं समजावून सांगितलं, “याला अॅडव्हेंट कॅलेंडर म्हणतात. डिसेंबरच्या एक तारखेला पहिली खिडकी उघडायची, मग रोज एक, नाताळपर्यंत. आत चॉकलेट असतं.” पहिल्याच फेरीत छपाईवाल्यानं घोळ घातला, सतरा आकडा दोनदा आला आणि अठरा आलाच नाही. रद्दीत निघालेले दोन-चार पुठ्ठे मुकादमाला विचारून ती घरी घेऊन आली. चॉकलेटऐवजी फोटो ठेवले तर? चोवीस दिवस, रोज एक आई. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. घरातल्या सगळ्यांनाच ती भेट द्यायची, आणि कुणाला आधी सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. लहान मुलासारखा आनंद झाला तिला. पण फोटो होते त्या आजींकडे.

तिची सुटी बुधवारी असे. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी ती दोन बस बदलून आजींच्या घरी गेली. लिफ्टवाल्याच्या सासूचं घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती.

“कोण आहे?” आतून आवाज आला. आवाज म्हणजे रेडिओच. आजींनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. अजूनही फोनवर त्या तीन मिनिटांच्या वर बोलत नसत.

“मी... चिमीची...” ती अडखळली. “खोक्यांच्या कारखान्यात असते ना, ती.”

दार उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या आजी. त्यांनी तिला पायांपासून वर बघत बघत डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

“कळलं. ये.”

पाणी दिलं, खुर्ची दाखवली, समोर बसल्या. तिनं आणलेला पुठ्ठा उलगडून खिडक्या दाखवल्या, चिमीनं बसथांब्यावर काय विचारलं ते सांगितलं, दादाचं मात्र सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, “आजी... आजी म्हटलं तर चालेल ना?”

“मुलं म्हणतात ते म्हण. आई मात्र म्हणू नकोस.” आजी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, बराच वेळ लावला. आल्या तेव्हा हातात रुमालात गुंडाळलेला एक फोटो होता. “हा घे.”

फोटोत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, हात प्लॅस्टरमध्ये, आणि तोंडभर हसू.

“शेजारच्या मुलाची सायकल घेऊन उतारावरून सुटली. ब्रेक आहे की नाही ते बघायचं असतं हे तिच्या गावीही नाही. हात मोडला, आणि ही डॉक्टरला विचारते, यावर चित्र काढलं तर चालेल का?” आजी तासभर त्या एका फोटोवर बोलत होत्या.

“बाकीचेही बघू का? मी इथेच मोबाइलवर उतरवून घेते, मूळ तुमच्याकडेच राहू द्या.”

“फोटोचा फोटो मला चालत नाही. एका वेळी एक मिळेल. पुढच्या बुधवारी ये.”

“पण आजी, मला चोवीस हवेत. डिसेंबरपर्यंत एवढे बुधवार नाहीत.”

“मग घाई करू नकोस,” आजी म्हणाल्या. याचा अर्थ काय ते तिला बस येईपर्यंत कळलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावरही कळलं नाही.

तर असे बुधवार सुरू झाले. घरी ती सांगे, कारखान्यात जादा पाळी आहे. दर वेळी चार मजले, पाणी, चहा, आतल्या खोलीतला तो उशीर, रुमाल, आणि फोटो. गच्चीवर ओले केस झटकणारी. कुणाच्या तरी लग्नात तोंडात घास कोंबलेली असताना पकडली गेलेली. दादाला वजनाच्या काट्यावर निजवून स्वतः आकड्याकडे घाबरून बघणारी. आजी सांगत आणि ती ऐके. ती बाई शिट्टी वाजवायची. भलत्या वेळी हसायची, कुणाच्या मयतालासुद्धा एकदा हसू फुटलं होतं. कपाटात कपडे नुसते कोंबायची, दार उघडलं की सगळा ढीग अंगावर.

पहिले काही बुधवार तिला हे ऐकताना आत कुठेतरी टोचे. टॉवेलचे कोपरे जुळवणारी ती. तिच्याबद्दल असं रंगवून सांगण्यासारखं काय होतं? मग हळूहळू ते टोचणं बोथट झालं. एकदा कारखान्यात डबा खाताना शेजारच्या बाईची सायकल घसरल्याची गोष्ट निघाली, तर ही पटकन म्हणाली, “आमच्या तिनं तर ब्रेक नसलेली सायकल उतारावरून सोडली होती!” शेजारणीनं विचारलं, “तिनं म्हणजे?” तेव्हा ती डब्याचं झाकण जुळवत बसली.

तिनं दोनदा विनवून बघितलं. “या वेळी दोन द्या ना.” आजी म्हणत, “एक्सचेंजमध्ये एका वेळी एकच लाइन जोडायची असते.” नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्याकडे अकरा फोटो जमले. त्यानंतरच्या बुधवारी आजींचं डोकं दुखत होतं, फोटो मिळाला नाही. पुढच्या बुधवारी चहा झाला, बिस्किटं झाली, दादा अकरा महिन्यांचा असताना कसा चालला ते सांगून झालं, आणि आजी जागच्या हलल्या नाहीत.

तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. “आजी, चारच दिवस राहिलेत. तुम्ही उठू नका, मला सांगा कुठे आहेत, मी काढते. हवं तर तुमच्यासमोर निवडते.”

“नको.”

“माझ्यावर भरवसा नाही का अजून? अहो, मी तीन महिने येतेय!”

आजींनी चष्मा लावला, काढला. मग उठल्या. या वेळी आत उशीर झाला नाही. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं टॉवेल उघडला. आत एक वीट होती, निदान तिला तसंच वाटलं. फुगलेली, कडेनं काळी पडलेली, कुबट वासाची. एका कोपऱ्यात हिरव्या कापडाचा तुकडा दिसत होता, म्हणून कळलं की हा अल्बम आहे.

“तीन होते,” आजी म्हणाल्या. रेडिओचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. “माळ्यावर ठेवले होते, नीट राहावेत म्हणून. मी महिनाभर मुलाकडे गेले आणि वर गरम पाण्याची नळी ठिबकत राहिली. दोनांचा तर लगदाच झाला. हा तेवढा ठेवला. का ठेवला कोण जाणे.”

“आणि ते अकरा?”

“इकडेतिकडे होते. पुस्तकात, पत्रांच्या पाकिटात, एक घड्याळामागे. अकराच होते. पहिल्या दिवशीच सगळे दिले असते, तर दुसऱ्या बुधवारी तू कशाला आली असतीस?”

  रागवावं म्हटलं तर समोर सत्तरीची बाई रुमालाचा चोळामोळा करत बसलेली.

“त्या घरातून मी हे भांडून आणले,” आजी म्हणाल्या. “जावयाला म्हटलं, तुझ्याकडे राहिले तर नवी येईल ती फेकून देईल. मुलांच्या देखत म्हटलं. आणि मीच... पोरांना कळू देऊ नकोस गं. वर्षाला दोन फोन आहेत माझे त्यांच्याकडे, तेही तुटतील. शब्द दे.”

तिनं शब्द दिला. दुसरं काय करता आलं असतं, हे तिला पुढेही कधी उमगलं नाही.

वीट घेऊन ती फोटो स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्यानं कोमट पाण्याचा ट्रे घेतला, बारीक चिमटा घेतला, तास घालवला. एक पान सुटलं. पण फोटोवरचा रंग पाण्यात साईसारखा तरंगला आणि हातात कोरा कागद आला. “बाई, आणखी सोडवत बसलो तर आहे तेही जाईल,” तो म्हणाला. “नुसतं बघायचं म्हणून ठेवा.” पण बघायचं काय होतं त्यात? तिनं वीट पुन्हा टॉवेलात गुंडाळून आजींना नेऊन दिली.

मग उरलेल्या तेरा खिडक्यांसाठी तिनं घरातलेच फोटो काढून आणले. चिमीचा पडलेला दात. फळ्यावर गणित सोडवणारा दादा, शाळेच्या बाईंकडून मागून घेतलेला. लिफ्टच्या खड्ड्यातून वर बघणारा नवरा, नाकाला काळं. स्वतःचा एकही घेतला नाही. एका फोटोत तिचं कोपर आलं होतं, तेही तिनं कात्रीनं उडवलं. एक आईचा, एक आत्ताचा, असे जमेल तसे लावले. खिडक्यांच्या घड्या इतक्या सुरेख आल्या होत्या की नखानं नुसतं टेकवलं तरी उघडत. तीस नोव्हेंबरला तिनं तो खोका दोन खोल्यांमधल्या बोळात टांगला.

एक तारखेला रविवार होता. चिमीनं पहिली खिडकी उघडली. लग्नात तोंडात घास कोंबलेली बाई.

“ही कोण?”

“ही तुझी पहिली आई.”

चिमीनं डोळे बारीक केले. “काय खातेय?”

नवरा दात घासता घासता बाहेर आला आणि तसाच उभा राहिला, ब्रश तोंडात, फेस हनुवटीवर. “हा कुठून आला?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. बुधवार सांगितले, आजी सांगितल्या. वीट सांगितली नाही. तो आत गेला, तोंड धुतलं, आणि सुटी असूनही कामाची पिशवी घेऊन बाहेर पडला. संध्याकाळी आल्यावर एवढंच म्हणाला, “मला विचारायचं होतंस.” रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

दादानं काही विचारलं नाही. पण रोज सकाळी चिमी खिडकी उघडे तेव्हा तो बोळात काहीतरी शोधत असे, पेन म्हणा, मोजा म्हणा.

शुक्रवारी ती कामावरून परतली तेव्हा सगळ्या चोवीस खिडक्या सताड उघड्या होत्या. दादा समोर जमिनीवर बसला होता, दप्तर पाठीला तसंच.

“अकरा,” तो म्हणाला. या वेळी भिंतीला नाही, सरळ तिला. “आईचे अकरा. आमचे तेरा. आजीकडे तीन अल्बम होते, मी पाहिलेत. हिरव्यात एकट्यात साठ तरी होते.”

“अरे, मिळाले तेवढे...”

“आजीनं तर सगळे जपून ठेवलेत. मग बाकीचे कुठे गेले? तूच निवडलेस ना? आईला अकरा पुरे, असं ठरवलंस?” त्याचा आवाज फुटत होता, त्या वयात फुटतो तसा, एकदा जाड, एकदा चिरका. “आजी म्हणालीच होती. नवी येईल ती फेकून देईल.”

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच तिच्यासाठी शब्द निघाला होता, आणि तो ‘नवी’ होता. तिनं तोंड उघडलं. आजींचा रुमाल तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं तोंड मिटलं. दारात नवरा येऊन उभा होता. त्यानं दादाला गप्प केलं नाही, आणि तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत प्रश्नच होता.

“तुम्हीही?” ती म्हणाली.

“मी काही म्हटलं का?” तो म्हणाला. नव्हतं म्हटलं हे खरंच.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. यंत्रावर तिच्या हातून शंभर खोक्यांची रेघ तिरकी गेली. बारा वर्षांत असं झालं नव्हतं, मुकादमानं नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुठ्ठे रद्दीत टाकले. घरी चिमीनं सगळ्या खिडक्या पुन्हा बंद केल्या होत्या, आणि रोज सकाळी एक उघडून ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी चकित व्हायची. तेवढाच काय तो घरातला आवाज.

शेवटी तिनं आजींना फोन लावला. सगळं ऐकून आजी गप्प राहिल्या. एक्सचेंजच्या बाई, त्यांना मोकळी लाइन खपत नसे, तरी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “रविवारी येते. मीच सांगते त्याला. माझं मी निस्तरते.”

रविवारी त्या आल्या. दार नवऱ्यानंच उघडलं.

“या.”

“बारीक झालास,” आजी म्हणाल्या. दोन वर्षांच्या अबोल्यावर एवढं पुरलं. त्यानं खुर्ची आणली, मग ती टणक वाटेल म्हणून उशी आणली. चिमीनं आजींना हाताला धरून एकेक खिडकी दाखवली आणि आजींनी एकेक गोष्ट सांगितली. सायकलच्या गोष्टीला दादा खोलीतून बाहेर आला. वजनकाट्याच्या गोष्टीला जवळ येऊन बसला. सगळा उंच झालेला मुलगा, पाय कुठे ठेवावेत कळत नाही असा. त्यानं आजींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दोन वर्षांनी.

ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आजींनी तिच्याकडे पाहिलं. आता सांगतील, तिला वाटलं. सांगा हो एकदाचं.

“आजी,” दादानं डोळे न उघडताच विचारलं, “बाकीचे तुझ्याकडेच आहेत ना?”

आजींचा हात त्याच्या केसांत होता, तो थांबला.

“आहेत ना,” त्या म्हणाल्या. “मीच हिला एकेक देत होते. हिचा काय दोष? सावकाश देईन सगळे.”

“मग मी येऊ? बुधवारी?”

“ये की.”

दादानं डोकं उचललं. तिच्याकडे वळून तो, जमिनीकडे बघत, म्हणाला, “सॉरी.” आणि असा हसला की तिला चिमी चार महिन्यांपूर्वी जाहिरातीत कुणाला शोधत होती ते एकदम दिसलं. ती काय करणार? खरं सांगावं, तर ते डोकं त्या खांद्यावरून कायमचं उठेल. न सांगावं, तर बुधवार तीन दिवसांवर. तिनं आत जाऊन सफरचंदं कापली, गरजेपेक्षा जास्त कापली, आणि बशीत गोल लावत बसली. आजींना बसपर्यंत पोचवायला नवरा गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

“त्यांनी सांगितलं मला,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुला माहीत होतं. तू एकटीनं...”  मग त्यानं विचारलं, “आता काय करायचं?”

“मला नाही माहीत.”

“मलाही,” तो म्हणाला, आणि बशीतली एक फोड उचलून तशीच हातात धरून बसला.

दादानं तीन दिवस मोजले. बुधवारी शाळेतून थेट बसथांब्यावर आला. दोन्ही बसमध्ये तो खिडकीशी बसून बोलत होता, हिरव्या अल्बमच्या पहिल्या पानाबद्दल. तिनं दोनदा सुरुवात केली, “दादा, हे बघ...” आणि दोन्ही वेळा त्यानं “काय?” म्हणून इतक्या मोकळेपणानं वळून पाहिलं की तिनं तिकीट नीट ठेवायला सांगितलं.

चार मजले तो दोन-दोन पायऱ्या चढला. दार आधीच उघडं होतं. आजी खुर्चीत बसल्या होत्या आणि टॉवेल त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

“बस,” त्या दादाला म्हणाल्या. “आणि मी काय सांगते ते सगळं ऐक. मध्ये बोलू नकोस. मला एकदाच सांगता येईल.”

तीन मिनिटांत सांगून संपलं. माळा, नळी, महिना. भांडून कसे नेले ते. हिच्याकडून शब्द घेतला ते. रविवारी खोटं बोलले ते. दादा मध्ये बोलला नाही.  त्यानं टॉवेल स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, उघडला. विटेच्या कडेत नख घालायला लागला, तशी तिनं त्याचा हात धरला. “नको. रंग निघून येतो.”

त्यानं हात सोडवून घेतला नाही. “हा हिरवा आहे?”

“हिरवाच,” आजी म्हणाल्या.

“यात पहिला बागेतला होता. मी घसरगुंडीवर, आई खाली हात पसरून.”

“होता.”

“त्याच्याखाली माझा वाढदिवस. आईच्या नाकाला क्रीम.” तो विटेवरून बोट फिरवत होता, जणू पानं उलटत होता. “मग बाबांची नवी स्कूटर. मग आई आरशासमोर, कॅमेरा दिसतो तो. मग समुद्र. समुद्राचे चार होते. एकात आईनं माझी टोपी घातलीय. मग...”

तो थांबला. बोट तिथेच राहिलं.

“समुद्रानंतर काय होतं?”

आजींनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. “थांब हं. समुद्रानंतर... तुझा शाळेचा पहिला दिवस?”

“तो तपकिरी अल्बममध्ये होता.”

“हो का? मग मला नाही आठवत रे.”

 मग दोघांनीही एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं, नातवानंही आणि आजीनंही, थेट, वाट बघत. इतके बुधवार ती इथे बसून ऐकत होती, एकेक फोटो तिच्या हातून गेला होता; तिला ठाऊक असेल असंच त्यांना वाटलं असावं. आणि तीही खरोखर आठवायला लागली. समुद्र, टोपी, मग काय? ती मनाशी पुढचं पान उलटू बघत होती, आणि ते येत नव्हतं, कारण तो अल्बम उघडा असलेला तिनं कधी पाहिलेलाच नव्हता.

“मला नाही माहीत रे,” ती म्हणाली.

“आठव ना,” दादा म्हणाला.